विश्लेषण : हरलेल्या युद्धाची चौकशी, पण करणार कोण? ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ समित्यांची गोष्ट

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळावरची दृश्ये आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. धावपट्टीवरून निघालेल्या अमेरिकी लष्करी विमानाला लटकलेली माणसे आणि २० वर्षांच्या युद्धाचा तो शेवट. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून ‘अफगाणिस्तान युद्ध आयोग’ स्थापन केला. १६ सदस्यांच्या या आयोगाचे काम म्हणजे जून २००१ ते ऑगस्ट २०२१ या काळात काय घडले, कोणते निर्णय चुकले याचा शोध घेणे.

ऐकायला चांगले वाटते. पण हरलेल्या, फसलेल्या किंवा खोट्या कारणावर लढलेल्या युद्धांच्या चौकशीचा आतापर्यंतचा इतिहास पाहिला, तर अशा आयोगांकडे जरा डोळे बारीक करूनच पाहावे लागते. या समित्यांवर माजी मंत्री, निवृत्त सेनाधिकारी, राजदूत आणि सरकारी वर्तुळात कायम उठबस असलेले अभ्यासक असतात. युद्ध कसे चुकले हे सांगायला तीच मंडळी बसतात, ज्यांच्या वर्तुळात ते युद्ध योग्य वाटले होते.

इराक स्टडी ग्रुपमध्ये कोण होते?

याचे ठळक उदाहरण २००६ मधले आहे. इराकमध्ये अमेरिकेचे सुमारे २,३०० सैनिक मारले गेले होते. शिया-सुन्नी हिंसाचाराने बगदाद पेटले होते. तेव्हा अमेरिकी संसदेच्या पुढाकाराने १० जणांचा ‘इराक स्टडी ग्रुप’ नेमला गेला. पाच रिपब्लिकन, पाच डेमोक्रॅट. अध्यक्षपद दोघांकडे विभागून होते : माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर आणि माजी खासदार ली हॅमिल्टन.

बाकीची नावे पाहा. माजी परराष्ट्रमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर, माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी, रेगन यांचे अॅटर्नी जनरल एडविन मीस, क्लिंटन यांचे चीफ ऑफ स्टाफ लिऑन पॅनेटा, क्लिंटन यांचे जवळचे मित्र आणि वकील व्हर्नन जॉर्डन, सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर, माजी सिनेटर चार्ल्स रॉब आणि अॅलन सिम्पसन. सरासरी वय ७४ च्या आसपास. यात अरब जगावर आयुष्य घालवलेला अभ्यासक एकही नाही आणि इराकी तर नाहीच.

(जग किती लहान असते पाहा. २००० मध्ये फ्लोरिडातल्या फेरमोजणीच्या वादात बुश यांची बाजू सांभाळणारे होते जेम्स बेकर. तो वाद बुश यांच्या बाजूने निकाली काढणाऱ्या पाच न्यायमूर्तींपैकी एक होत्या ओकॉनर. सहा वर्षांनी दोघे एकाच टेबलावर बसून बुश यांच्या युद्धाचे मूल्यमापन करत होते.)

समितीत सुरुवातीला रॉबर्ट गेट्सही होते. नोव्हेंबर २००६ मध्ये बुश यांनी त्यांनाच संरक्षणमंत्री म्हणून निवडले आणि त्यांच्या जागी ईगलबर्गर आले. म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीतला माणूस उठून थेट ज्याची परीक्षा चालली होती त्या खात्याचा प्रमुख झाला. यात बेकायदा काहीच नव्हते. तिथे कुणाला ते फारसे खटकलेही नाही. आपल्याला खटकायला हवे ते नेमके हेच.

समितीने बगदादला भेट दिली तेव्हा कडेकोट ‘ग्रीन झोन’च्या बाहेर पाऊल टाकले ते फक्त रॉब यांनी. व्हिएतनाममध्ये लढलेला हा माजी मरीन वगळता बाकी सगळ्यांनी इराक पाहिला तो बहुतांशी बैठकीच्या खोलीतून.

मग अहवाल निरुपयोगी होता का?

नाही, आणि गंमत इथेच आहे. ६ डिसेंबर २००६ रोजी आलेल्या त्या अहवालात ७९ शिफारशी होत्या. इराण आणि सीरियाशी बोला, इराकी सैन्याला प्रशिक्षण देण्यावर भर द्या, २००८ च्या सुरुवातीपर्यंत लढाऊ तुकड्या मागे घेण्याची तयारी करा, असे त्यांचे एकूण स्वरूप. टीव्हीवर चर्चा झाली ती या शिफारशींची.

पण अहवालात दोन नोंदी अशा होत्या, ज्या माझ्या मते सगळ्या ७९ शिफारशींपेक्षा मोलाच्या आहेत. पहिली : बगदादमधल्या अमेरिकी दूतावासात सुमारे १,००० कर्मचारी होते आणि त्यातले ३३ अरबी बोलू शकत होते. सफाईने बोलणारे सहा. दुसरी नोंद त्याहून गंभीर आहे. जुलै २००६ मधल्या एका दिवशी अधिकृत आकडा होता हिंसाचाराच्या ९३ घटनांचा. त्याच दिवसाच्या कच्च्या नोंदी पुन्हा तपासल्या तर घटना निघाल्या सुमारे १,१००. एखाद्या हल्ल्यामागे कोण हे ठरवता आले नाही, किंवा त्यात अमेरिकी माणसाला इजा झाली नाही, तर तो मोजायचाच नाही अशी पद्धत होती. धोरणाशी न जुळणारी माहिती गाळणीतच अडकेल अशी सोय.

शिफारस हे मत असते. ९३ आणि १,१०० हा पुरावा आहे. तो निघाला मूळ नोंदवही उघडल्यामुळे.

बुश यांनी अहवाल ठेवून घेतला आणि १० जानेवारी २००७ रोजी नेमके उलटे जाहीर केले, इराकमध्ये आणखी २० हजारांहून जास्त सैनिक पाठवण्याचे. या ‘सर्ज’ची मांडणी ज्या अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूटमध्ये झाली होती, तिथल्या नामवंत मंडळींनी २००३ च्या हल्ल्याचाही हिरिरीने पुरस्कार केला होता. म्हणजे राष्ट्राध्यक्षांसमोर दोन पर्याय आले आणि दोन्ही एकाच माळेच्या मण्यांकडून.

प्रश्न कोण ठरवतो?

समितीवर कोण आहे हे आपण पाहतो, पण तिला काय विचारले आहे हे सहसा पाहत नाही. सरकारी भाषेत याला कार्यकक्षा म्हणतात. अहवालाच्या पहिल्या दोन पानांत ती असते आणि वाचकाचे बोट तिथून भर्रकन खाली सरकते.

इराक स्टडी ग्रुपची कार्यकक्षा ‘पुढे काय करावे’ एवढीच होती. हे युद्ध मुळात सुरू का झाले, कुणी काय सांगून सुरू केले, हा विषय आधीच बाहेर ठेवला होता. दोन्ही पक्षांचे एकमत होण्याची किंमत ती होती.

त्याआधीचे प्रकरण आणखी बोलके आहे. इराकमध्ये सर्वसंहारक अस्त्रे सापडली नाहीत, तेव्हा २००४ मध्ये बुश यांनीच एक आयोग नेमला. लॉरेन्स सिल्बरमन आणि हेच चार्ल्स रॉब त्याचे अध्यक्ष. मार्च २००५ मध्ये त्यांनी गुप्तचर यंत्रणांना अक्षरशः धुऊन काढले. युद्धापूर्वीचे त्यांचे जवळपास सगळे अंदाज साफ चुकीचे होते, असा निष्कर्ष काढला. पण त्या माहितीचा राजकीय नेत्यांनी वापर कसा केला, हे तपासण्याचा अधिकार आम्हाला दिलेला नाही, हेही त्यांनी नमूद केले. हेर चुकले हे ठरले. हेरांच्या अहवालाला मीठमसाला कुणी लावला, हा प्रश्नच पत्रिकेत नव्हता.

ही युक्ती अमेरिकेची मक्तेदारी नाही. १९७३ च्या योम किप्पूर युद्धात इस्रायल बेसावध सापडला. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष शिमोन अग्रानात यांच्या आयोगाने १ एप्रिल १९७४ रोजी अंतरिम अहवाल दिला. लष्करप्रमुख डेव्हिड एलाझार यांना जबाबदार धरले. संरक्षणमंत्री मोशे दायान आणि पंतप्रधान गोल्डा मेयर मोकळे. लोक रस्त्यावर उतरले आणि दहा दिवसांत मेयर यांना राजीनामा जाहीर करावा लागला. आयोगाने जे उत्तर दिले नाही ते लोकांनी दिले.

ब्रिटनने सात वर्षे काय केले?

ब्रिटनचा चिलकॉट अहवाल हे अशा चौकशीचे सर्वात मोठे उदाहरण. जून २००९ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी चौकशी जाहीर केली, तीही आधी बंद दाराआड. ओरड झाली म्हणून सुनावण्या खुल्या झाल्या. अहवाल आला ६ जुलै २०१६ रोजी. २६ लाख शब्द, १२ खंड, एक कोटी पौंडांहून जास्त खर्च. इराकमध्ये ब्रिटनचे १७९ सैनिक आणि लष्करी कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या आईवडिलांनी या सात वर्षांत, अहवालाला आणखी उशीर झाला तर कोर्टात जाऊ, असा इशाराही देऊन पाहिला.

सदस्य निवडले तेव्हाच शंका घेतल्या गेल्या होत्या. स्वतः जॉन चिलकॉट हे २००४ च्या बटलर समितीवर होते. त्या समितीने गुप्त माहितीतल्या चुका दाखवल्या, पण कुणा एकावर ठपका ठेवला नव्हता. इतिहासकार लॉरेन्स फ्रीडमन यांनी टोनी ब्लेअर यांच्या १९९९ च्या शिकागो भाषणासाठी टिपण दिले होते. दुसऱ्या देशात लष्करी हस्तक्षेप कधी योग्य ठरतो, हाच त्या भाषणाचा विषय. दुसरे इतिहासकार मार्टिन गिल्बर्ट यांनी २००४ मध्ये लिहिले होते की बुश आणि ब्लेअर यांची तुलना पुढेमागे रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्याशी होऊ शकेल. समितीत न्यायाधीश एकही नव्हता आणि साक्षी शपथेवर घेतल्या गेल्या नाहीत.

एवढे सगळे असूनही चिलकॉट यांचा अहवाल अपेक्षेपेक्षा कडक निघाला. युद्ध हा शेवटचा पर्याय नव्हता, शस्त्रांविषयीची माहिती जितक्या खात्रीने सांगितली गेली तितकी खात्री नव्हती, युद्धानंतरचे नियोजन पूर्णपणे अपुरे होते, असे त्यांनी लिहिले. युद्ध कायदेशीर होते का, यावर मात्र निवाडा दिला नाही. तो न्यायालयाचा विषय म्हणून बाजूला ठेवला. नेदरलँड्समध्ये माजी सरन्यायाधीश विलिब्रॉर्ड डेव्हिड्स यांच्या समितीने हाच प्रश्न साधारण दहा महिन्यांत सोडवला होता आणि जानेवारी २०१० मध्ये सांगून टाकले होते की आंतरराष्ट्रीय कायद्यात या हल्ल्याला पुरेसा आधार नव्हता. अर्थात डच सैन्य हल्ल्यात उतरले नव्हते, सरकारने फक्त राजकीय पाठिंबा दिला होता. त्यामुळे खरे बोलणे त्यांना थोडे स्वस्तात पडले, हेही मान्य करायला हवे.

मग चिलकॉट यांच्या २६ लाख शब्दांतले लोकांच्या लक्षात काय राहिले? ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्ये, म्हणजे हल्ल्याच्या आठ महिने आधी, बुश यांना पाठवलेली चिठ्ठी. काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर आहे, अशा आशयाने तिची सुरुवात होते. ती प्रसिद्ध करायची की नाही यावर समिती आणि कॅबिनेट सचिवालय यांच्यात कित्येक वर्षे घासाघीस चालली होती. बुश यांच्या बाजूचा पत्रव्यवहार तर प्रसिद्ध झालाच नाही. समितीचा निष्कर्ष बाजूला ठेवला तरी त्या एका चिठ्ठीवरून कुणीही वाचक स्वतःचे मत बनवू शकतो.

तज्ज्ञ नकोतच, असे म्हणायचे आहे का?

तसे नाही. ‘सगळे विकले गेलेत’ हे समाजमाध्यमांवरचे उत्तर सोपे आहे आणि तितकेच आळशी. युद्धाचे तांत्रिक तपशील सैन्यात राहिलेल्यालाच कळतात. प्रश्न असा की त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे की न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायचे.

इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटच्या वर्षीच्या व्हायव्हाला ‘एक्स्टर्नल’ येतो तो बाहेरचा म्हणून. प्रत्यक्षात तो शेजारच्या कॉलेजातला असतो आणि पुढच्या आठवड्यात आपले सर त्याच्याकडे एक्स्टर्नल म्हणून जाणार असतात. कुणी कुणाला पैसे देत नाही, कुणी फोनही करत नाही. तरी सगळी बॅच पास होते. समित्यांमध्ये भ्रष्टाचार शोधणारे इथेच चुकतात. तिथे सहसा भ्रष्टाचार नसतो, भीड असते.

भीड तुटते ती माहितीने. याचा पुरावा व्हिएतनाम युद्धाच्या वेळचा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना सल्ला द्यायला डीन अॅचेसन यांच्यासारखे बुजुर्ग होते. ‘वाइज मेन’ या नावानेच ते ओळखले जात. नोव्हेंबर १९६७ मध्ये त्यांनी युद्ध चालू ठेवायला पाठिंबा दिला. मार्च १९६८ मध्ये त्यातल्याच बहुतेकांनी सांगितले की यातून बाहेर पडायला हवे. दरम्यान उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग यांचा ‘टेट’ हल्ला झाला होता आणि या वेळी त्यांना गुळगुळीत नव्हे तर खरी माहिती मिळाली होती. माणसे बहुतेक तीच होती, फक्त समोरची फाइल बदलली होती.

खरे अहवाल कुठे असतात?

कुलपात. त्याच व्हिएतनाम युद्धाची सर्वात प्रामाणिक सरकारी चिकित्सा कुठल्या जाहीर आयोगाने केली नाही. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी १९६७ मध्ये खात्यातल्या खात्यात एक गुप्त अभ्यास सुरू केला. ४७ खंड, सुमारे ७,००० पाने. चार राष्ट्राध्यक्षांच्या काळात जनतेला एक सांगितले गेले आणि आत दुसरेच चालू होते, हे त्यात कागदपत्रांसह होते. तो वाचायला मिळाला कारण त्या अभ्यासात काम केलेल्या डॅनियल एल्सबर्ग यांनी तो फोडला आणि जून १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापायला सुरुवात केली. हेच पेंटॅगॉन पेपर्स.

अफगाणिस्तानबाबत पन्नास वर्षांनी तेच. ‘सिगार’ या सरकारी तपास कार्यालयाने ४०० हून अधिक जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात सेनाधिकारी, राजदूत, मदत कार्यकर्ते होते. यावरून जे अहवाल अधिकृतपणे निघाले त्यातून सर्वात जळजळीत वाक्ये गायब होती. मूळ मुलाखतींसाठी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला तीन वर्षे कोर्टात लढावे लागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे २,००० पाने बाहेर आली. आपण तिथे काय करत होतो हेच आम्हाला कळत नव्हते, असे वरिष्ठ अधिकारी त्यात सांगताना दिसतात. बाहेर मात्र दरवर्षी ‘प्रगती होत आहे’ हेच चालू होते.

म्हणून नव्या अफगाणिस्तान आयोगाचा अहवाल येईल तेव्हा निष्कर्षांच्या आधी दोन गोष्टी शोधायच्या. त्यांनी घेतलेल्या मुलाखतींचे मूळ उतारे प्रसिद्ध होणार का आणि केव्हा? आणि कुठली कागदपत्रे मागूनही मिळाली नाहीत, याची यादी आहे का?

आणि भारतात?

आपल्याकडे समितीच्या रचनेवर वाद घालण्याची वेळच येत नाही, कारण अहवालच दिसत नाही. १९६२ च्या चीन युद्धात सरकारी आकड्यांनुसार १,३८३ भारतीय सैनिक ठार आणि १,६९६ बेपत्ता झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांना चौकशी करायला सांगितले. भगत हे दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी.

इथेही कार्यकक्षा पाहा : प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि कमांडरांची कुवत. दिल्लीतल्या राजकीय निर्णयांचा त्यात उल्लेख नाही. लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरू नका, असेही या दोघांना सुचवण्यात आले होते.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे ज्यांच्याविषयी महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितले जाते, ते यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी संसदेत निवेदन करून अहवालाचा गोषवारा सांगितला. मूळ अहवाल मात्र सुरक्षा आणि सैन्याचे मनोधैर्य या कारणांनी उघड करता येणार नाही, असे स्पष्ट केले. पराभवाला वर्षही झाले नव्हते आणि चिनी सैन्य समोर उभे होते. तेव्हाची ती भूमिका समजू शकते.

नंतरच्या साठ वर्षांचे काय? पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला, २००९ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने नकार दिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की अहवालातील मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि त्याला आजही लष्करी महत्त्व आहे. मार्च २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला मोठा भाग थेट इंटरनेटवर टाकला. त्या वेळी राज्यसभेतले विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी, असे अहवाल कायमचे दडवून ठेवणे योग्य नाही, असे लिहिले. मे महिन्यात सरकार बदलले, जेटली संरक्षणमंत्री झाले आणि जुलैमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने राज्यसभेला कळवले की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही.

पक्ष दोन, उत्तर एक. आणि हे उत्तर ज्या मजकुराबद्दल दिले, त्यातला बराच भाग तोपर्यंत कुणीही फोनवर डाउनलोड करून वाचू शकत होता.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास लिहिण्याचे आणि जुनी कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. अशा लेखी इतिहासाची शिफारस कारगिल आढावा समितीने केली होती, म्हणजे दोन दशकांपूर्वी. धोरणानुसार हे काम एक समिती करणार. अध्यक्ष मंत्रालयाचे सहसचिव. सदस्य तिन्ही सैन्यदले, परराष्ट्र मंत्रालय आणि गृह मंत्रालयाचे प्रतिनिधी. त्यानंतर नामवंत लष्करी इतिहासकारांचा उल्लेख येतो आणि त्यांच्यापुढे कंसात दोन शब्द आहेत : ‘आवश्यकता भासल्यास’.